न लावलेला डहाळा

माझ्या जावयांबद्दल मी एकदा चारचौघांत खोटं बोललो आणि ते खोटं पुढचं वर्षभर त्यांच्या अंगावर राहू दिलं. वाक्य लहानसं होतं. उच्चारायला एक श्वाससुद्धा पुरता लागला नाही. मागे घ्यायला मात्र एक हिवाळा आणि एक उन्हाळा जावा लागला. एवढा वेळ का लागला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. संकोच होता, सासरेपणाचा मान होता, मुलीसमोर उघडं पडण्याची भीती होती. पण या सगळ्यांच्या तळाशी जे होतं त्याचं नाव मी स्वतःशीही घेत नव्हतो. मला त्यांचा हेवा वाटत होता. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या माणसाला आपल्या एकुलत्या एका मुलीच्या नवऱ्याचा हेवा वाटावा, आणि तोही मासे धरण्यावरून, हे कुणाला सांगितलं असतं तर हसूच झालं असतं. म्हणून मी ते झाकून ठेवलं, आणि झाकलेलं ते आतल्या आत आंबत गेलं.

आमचं गाव रिसोडहून शिरपूरकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. नोकरीमुळे माझं बिऱ्हाड रिसोडला असलं तरी रविवार गावाचा असतो. गावाच्या खालच्या अंगाला तलाव आहे. तिथे जाळं टाकण्याचा हक्क ठेका घेतलेल्या संस्थेचा. मात्र बांधावर गळ टाकून बसणाऱ्याला कुणी अडवत नाही. गळाला आमच्याकडे ‘गय’ म्हणतात. रविवारी सकाळी चार-पाच घरं तरी सहकुटुंब बांधावर उतरतात. पुरुष काठ्या धरून बसतात, बायका तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापतात, आणि जे मिळेल त्याचा रस्सा तिथेच होतो. काही मिळालं नाही तर पिठलं होतं, आणि त्यावरून दिवसभर थट्टा होते.

बांधावरचा शब्द मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला टापर, बोलणं कमी. मला गळ धरायला त्यांनीच शिकवलं. माझ्या मुलीलाही त्यांनीच. ती त्यांना आबाजी म्हणते. तलावाचे काही रिवाज आहेत आणि ते आजही पाळले जातात ते मोठेबाबांमुळे. त्यांतला एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मरळ ही मासळी पावसाळ्याच्या तोंडी पिल्लं घालते. ही पिल्लं तांबडी असतात आणि शेकड्यांनी मिळून पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. लांबून पाहिलं तर पाण्यावर कुणी मूठभर कुंकू सांडलं आहे असं वाटतं. मरळ त्यांच्याखाली पहाऱ्याला असते. जवळ काहीही आलं की ती त्यावर झडप घालते. त्या दिवसांत ती भुकेपोटी गळ गिळत नाही, रागापोटी गिळते, आणि म्हणूनच तिला धरणं अगदी सोपं असतं. अशा मरळीला आमच्याकडे लेकुरवाळी म्हणतात आणि लेकुरवाळीला गळ दाखवायचा नाही, असा रिवाज आहे. ज्याला पिल्लं पहिल्यांदा दिसतील त्याने निंबाचा डहाळा तोडून त्या जागी काठावर रोवायचा. मग तिथे कुणी बसत नाही. तरीही एखाद्याने लेकुरवाळी धरलीच, तर त्याचा गळ काठीसकट बांधावरच्या बाभळीला बांधतात, तो पुढच्या आखाडापर्यंत. धरणारा पाहुणा असला तर त्याला कुणी शब्दानेही दुखवत नाही. तो ज्या घरचा पाहुणा, त्या घरच्या वडीलधाऱ्याचा गळ झाडावर चढतो.

मुलगी सहा वर्षांची असल्यापासून बांधावर माझ्या डाव्या हाताला बसायची. उजवा हात गळ फेकायला मोकळा लागतो म्हणून डावा. गांडुळांचा डबा तिच्याकडे. ती एक गांडूळ काढून माझ्या तळहातावर ठेवायची, मी ते आकड्याला लावायचो, आणि मग आम्ही दोघं दोऱ्याला बांधलेल्या, मासा लागला की बुडणाऱ्या मोरपिसाच्या देठाकडे पाहत बसायचो. ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी रविवार चुकला नाही. बोलणं फारसं व्हायचं नाही. मी मुळात कमी बोलणारा, हळू बोलणारा माणूस. वर्गातसुद्धा मागच्या बाकावरच्या मुलांना मला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं. तलावावर बोलण्याची गरजच नसे. माझ्या आयुष्यातली सर्वांत भरलेली जागा कोणती, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्या डाव्या हाताकडच्या दोन फूट गवताकडे बोट दाखवलं असतं.

तिचं लग्न झालं ते जऊळक्याच्या मुलाशी. त्यांचं तिथे मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी खोलून त्यांत नवी तार गुंडाळून देतात. मनुष्य शांत, हसतमुख, आणि हाताच्या कामात अतिशय बारकाईचा. लग्नानंतरच्या थंडीत ते पहिल्यांदा तलावावर आले. मी माझ्या गळाला आकडा बांधत होतो. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि संकोचून म्हणाले, “मामाजी, मी बांधू काय?”

मी आकडा त्यांच्या हाती दिला. त्यांनी दोऱ्याला थुंकी लावली, दोन बोटांत काहीतरी फिरवलं, आणि अशी गाठ बसली की तिथे गाठ आहे हे बोटाला लागूच नये.

मोठेबाबांनी ती गाठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. “काय गा मास्तर,” ते मला म्हणाले, “चाळीस वर्सं झाले तुले शिकवून राह्यलो. अशी गाठ तुले एकदाबी आली नाई.” मग जावयांकडे वळून, “जावईबापू, बोटाले काय लावता तुमी?”

“काई नाई आबाजी. तांब्याची तार केसावानी बारीक रायते. तिच्यासंगं राहून राहून बोटं शहानी झाली.”

सगळे हसले. मीही हसलो. मुलगी माझ्या डाव्या हाताशी बसली होती; ती उठली आणि ती गाठ नीट पाहायला पलीकडे त्यांच्याजवळ जाऊन बसली. डबा तिच्या हातात होता, तो तिच्याबरोबर गेला. ती परत येईल म्हणून मी थोडा वेळ तळहात उघडा ठेवून बसलो. मग स्वतः उठलो आणि तिच्याकडून गांडूळ मागून आणलं.

तिने यात काहीही वावगं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं एका ठिकाणी राहतं आणि पोट दुसऱ्याच ठिकाणी दुखतं. पुढच्या दीड वर्षात माझं लक्ष माझ्या गळावरून उठलं ते उठलंच. जावई कुठे बसतात, त्यांचा देठ किती वेळा बुडतो, मुलगी त्यांच्या कानात काय सांगते, मोठेबाबा त्यांना बसायला आपल्याजवळचा कोणता दगड दाखवतात, याकडे मी पाहत राही. एसटी चुकल्यामुळे ते उशिरा येणार असं कळलं की मला बरं वाटे. त्यांच्या गळाला मोठा रोहू लागला आणि दोरा ताणला गेला, तेव्हा तो तुटावा असं मी मनात म्हटलेलं मला स्पष्ट आठवतं. दोरा तुटला नाही. त्या दिवशी रस्सा झाला तेव्हा माझ्या बायकोने माशाचं मुंडकं पळीत घेतलं. घरात ते इतकी वर्षं माझ्या ताटात पडत आलेलं. ती माझ्याकडे वळली.

“जावईबापूंले वाढते. तुमाले चालते ना?”

“काहून नाई चालनार?” मी म्हणालो.

तिने वाढलं, आणि भांडी घासायला आम्ही पाण्याकडे गेलो तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, “सासऱ्याचा हेवा करनारे जावई मी लय पाह्यले. जावयाचा हेवा करनारा सासरा पयल्यांदाच पाहून राह्यली.”

“काईबी बोलतं,” मी म्हणालो.

“बरं. नसन तर चांगलंच हाये. पन त्यांच्या गयाकडं पाहनं सोडा, आपल्या गयाकडं पाहा.”

तिच्या त्या बोलण्याचा मला राग आला, आणि तो मी पुन्हा जावयांच्याच खात्यावर टाकला.

त्यानंतर आखाड आला. श्रावणात आमच्याकडे मासे-मटण बंद, म्हणून आखाडातले रविवार बांधावर सर्वांत गर्दीचे. त्या रविवारी मी इतरांच्या आधी पोहोचलो होतो. तलावाच्या एका कोपऱ्यात बेशरमाची झुडपं पाण्यात वाढलेली आहेत. तिकडे सहज गेलो तर झुडपांच्या सावलीत पाण्यावर ते कुंकू हलत होतं. पिल्लं नखाएवढीही नसावीत. मी थोडा वेळ पाहत उभा राहिलो. निंबाचं झाड शंभर पावलांवर होतं. चिखल फार होता. चहा झाल्यावर डहाळा आणू असं ठरवून मी मागे फिरलो. इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, असं मी आजही म्हणतो, आणि म्हणताना मला पुरता विश्वास वाटत नाही.

चहा झाला, घरं जमली. जावई आणि मुलगी जऊळक्याहून आले. ती येताच आबाजींच्या पाया पडली, आईला मिठी मारली, मला म्हणाली, “बाबा, तुमी वाळले दिसता,” आणि डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मासा लागत नव्हता. तासाभराने जावई काठी घेऊन माझ्याजवळ आले.

“मामाजी, थ्या बेशरमाच्या कोपऱ्यात पानी हालून राह्यलं. बसू काय तिकडं?”

त्यांनी मला विचारलं, कारण तलाव आमचा होता आणि ते रीतीचे माणूस होते. डहाळ्याचा रिवाज त्यांना माहीत नव्हता. जऊळक्याकडे मरळ म्हणजे मरळ. ती कोणत्याही दिवसांत धरतात. ‘तिकडे नको, लेकुरवाळी आहे,’ एवढं मला म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला मुलगी दिसली. ती डबा उचलून त्यांच्यामागे निघायला उभी राहिली होती.

“बसा ना,” मी म्हणालो. “तुमाले कोन अडवते?”

पुढचं सगळं फार लवकर झालं. पहिल्याच फेकीत काठी वाकली. मुलीची हाक ऐकू आली, पोरंसोरं धावली, आणि जावयांनी हातभर लांबीची मरळ गवतावर घेतली. लोक वाखाणत होते. मग कुणीतरी पाण्याकडे पाहिलं आणि सगळे एकेक करून तिकडे वळले. पिल्लं फुटून चहूकडे पांगली होती, आणि काठावरच्या दोन बगळ्यांनी त्यांना हेरलं होतं.

मोठेबाबा काठी टेकत आले. त्यांनी मरळ पाहिली, पाणी पाहिलं, मग काठ पाहिला.

“डहाळा काहून नाई अठी?” त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. पण त्या कोपऱ्यातून सकाळी मीच आलो होतो हे दोघा-तिघांनी पाहिलं होतं आणि त्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“डहाळा लावाचाच होता,” मी म्हणालो, “पन मी सांगतलं होतं त्यांले.”

हेच ते वाक्य.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना आपण काय ऐकलं तेच कळत नव्हतं. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आला की हुशार मुलगा जसा मास्तरांकडे पाहतो तसे ते पाहत होते. मग त्यांनी मान खाली घातली. सासऱ्याला गावासमोर खोटं पाडायचं नाही, असं त्यांनी त्या दोन क्षणांत ठरवलं असावं. “चूक झाली, आबाजी,” ते म्हणाले.

“तुमाले सांगूनबी समजत नाई?” मुलगी त्यांना म्हणाली. “बाबांनं सांगतलं होतं ना?”

आणि इथे मला सर्वांत लाजिरवाणी गोष्ट लिहायची आहे. ती त्यांच्यावर रागावली, तेव्हा मला आत कुठेतरी गार वाटलं.

आकडा मरळीच्या घशात खोल गेला होता. जावयांनी तो त्या बारीक बोटांनी अलगद काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो कुशीवर कलंडून संथपणे खाली गेला. मोठेबाबांनी आपल्या काठीला दोरा गुंडाळला आणि ती एका जवान माणसाच्या हाती दिली. “बांध बाभईले,” म्हणाले. जावई पुढे झाले, “आबाजी, माहा बांधा.” मोठेबाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “तुमी पाहुने, बापू. पाहुन्याचा गय बांधत नसतात.” मग ते आपल्या दगडावर जाऊन रिकाम्या हातांनी बसले.

त्यानंतर जावई तलावावर आले नाहीत. दुकानात काम आहे, असा निरोप येई.

आणि मला हवं होतं ते मिळालं. दिवाळीला मुलगी एकटी आली. रविवारी आम्ही बांधावर गेलो, आणि ती डबा घेऊन माझ्या डाव्या हाताला बसली. ऊन कोवळं होतं, पाणी निवळलेलं होतं, मासाही लागत होता. ती एकेक गांडूळ माझ्या तळहातावर ठेवत होती, पण तिचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. मोठेबाबांच्या रिकाम्या हातांकडे ती पाहत होती. मग ती म्हणाली,

“बाबा, मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाई. आबाजींचं वय पाहा, अन् त्यांचा गय झाडाले. मले लय लाज वाटली.”

“ते काय म्हनाले?” मी विचारलं.

“काईच नाई. ‘चूक झाली’ म्हने. मी म्हटलं, बाबांनं सांगतलं होतं तर ऐकलं काहून नाई? तर म्हने, ध्यान नसन माहं.”

म्हणजे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. दार लावलेल्या खोलीत, जिथे त्यांना ऐकणारी फक्त त्यांची बायको होती, तिथेही त्यांनी माझं नाव वाचवलं होतं आणि बदल्यात तिचा पंधरा दिवसांचा अबोला घेतला होता. हे ऐकून मला पश्चात्ताप झाला असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. पहिल्यांदा जे वाटलं ते वेगळं होतं. मला त्यांच्या त्या मौनाचाही हेवा वाटला. गाठ बांधण्यात ते माझ्यापुढे होते, मासे धरण्यात होते. आता माझ्याच मुलीशी वागण्यातला मोठेपणाही त्यांनीच घेतला होता. डाव्या हाताला मुलगी बसली होती आणि मी त्या जागेवर चोरासारखा बसलो होतो.

पश्चात्ताप नंतर आला, हळूहळू, बहुधा त्या बाभळीमुळे. रविवारी बांधावर पाऊल ठेवलं की पहिली तीच दिसे, आणि तिला आडवी बांधलेली मोठेबाबांची काठी. वाऱ्याने ती हलत असे. मोठेबाबा तिच्याकडे बघत नसत. रविवारी ते न चुकता येत, दगडावर बसत, आणि दुसऱ्यांच्या गळाला लागलेल्या माशांची नावं सांगत.

पौषात एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटी बदलत जऊळक्याला गेलो. जावयांना एकांतात सांगावं, असं ठरवून गेलो होतो. गव्हाला पाणी द्यायचे दिवस असल्यामुळे दुकानात मोटारींची रांग लागलेली. मला पाहताच ते उठले, हात पुसले, खुर्ची दिली, चहा मागवला.

“मामाजी, एकाएकीच? घरी सगळे बरे ना?”

“बरे हायेत. असंच. इकडं काम होतं थोडं.”

ते तार गुंडाळत राहिले. वेढ्याशेजारी वेढा, एकही दुसऱ्यावर न चढता. मी सुरुवात करायचो आणि कुणी शेतकरी आत डोकावायचा. तो गेला तरी मला सुरुवात सापडायची नाही. दोन चहा झाले. निघायच्या वेळी त्यांनी टेबलाच्या खणातून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात दोऱ्याला बांधलेले आकडे होते, त्यांच्या हातचे.

“आबाजींले द्या. आखाडात गय उतरला की लागतीन त्यांले. आता बोटानं गाठ बसत नसन त्यांच्या.”

मी पुडी घेऊन परत आलो. ती मोठेबाबांना लगेच द्यायला हवी होती. मी ती दीड महिना माझ्या कपाटात ठेवली, कारण ती दिली असती तर मोठेबाबा पुन्हा एकदा जावयांचं नाव घेऊन काहीतरी चांगलं बोलले असते. शेवटी बायकोला ती पुडी सापडली. तिने उघडून पाहिली, कुणाची ते तिला विचारावं लागलं नाही. “हे काय हो?” एवढंच म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, बेशरमाच्या कोपऱ्यापासून. तिने ऐकून घेतलं आणि उठून देवाजवळ दिवा लावायला गेली. आल्यावर म्हणाली, “मले सांगून काय फायदा? माहा गय थोडाच झाडाले बांधला होता. जठी बोलले, तठी जाऊन बोला.” पुडी तिनेच मोठेबाबांना नेऊन दिली.

यंदा आखाडाचा पहिला रविवार आला. गळ उतरवायचा म्हणून मोठेबाबांनी स्वतः जऊळक्याला निरोप पाठवला आणि त्यांच्या निरोपाला जावई नाही म्हणू शकले नाहीत. दोघंही आली. बांधावर पाच-सहा घरं जमली होती. बाभळीवरची काठी उतरवली तर ती किडीने पोखरलेली निघाली. एकाने नवा बांबू आणून दिला. मोठेबाबांनी पुडीतला एक आकडा घेतला आणि दोरा बांबूला बांधायला गेले, पण वर्षभरात त्यांचा हात थरथरू लागला होता. दोनदा दोरा निसटला. त्यांनी तो जावयांपुढे धरला.

“घ्या बापू, तुमीच बांधून द्या.”

जावयांनी बांधून दिला. पलीकडच्या घरचा एक जण हसत म्हणाला, “जावईबापू, औंदा सासरे काय सांगतात ते कान देऊन ऐकजा बरं. नाईतर आबाजींचा गय पुन्हा बाभईवर.”

लोक हसले. जावईही हसले. “ऐकतो ना भाऊ,” म्हणाले. त्यांच्या हसण्यात काही कमी-जास्त नव्हतं. मुलगी मात्र हसली नाही. ती खाली बघून डब्याचं झाकण उगाच उघडत आणि लावत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिला आपल्या नवऱ्याची अजून लाज वाटत होती आणि ती लाज मी तिला दिली होती. बायको चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो ते कुणालाच ऐकू गेलं नाही. वारा होता, आणि माझा आवाज नेहमीसारखाच.

“काय म्हनून राह्यला गा?” मोठेबाबांनी दगडावरून विचारलं. “मोठ्यानं बोल. वर्गात शिकवतं का गप्पा मारतं?”

पुन्हा हसू उठलं. ते विरेपर्यंत मी थांबलो. मग आयुष्यात कधी काढला नसेल एवढा आवाज काढून, जावयांकडे तोंड करून बोललो.

“मोठेबाबा, मागच्या आखाडात मी खोटं बोललो. जावईबापूंले मी काईच सांगतलं नव्हतं. त्यांनं मले इचारलं होतं, अन् मीच त्यांले म्हटलं, बसा. पिल्लं मी सकायीच पाह्यली होती. डहाळा लावला नाई तो मी, अन् तुमचा गय वर्सभर झाडाले राह्यला तो माह्यामुळं. पोरी, तुह्या नवऱ्याची काई चूक नव्हती, त्यांनं माहं तोंड राखलं. जावईबापू, मले तुमचा हेवा वाटे. माही पोरगी तुमच्याजवळ जाऊन बसे, ते माह्याच्यानं पाहवत नव्हतं. माहं चुकलं. मी हात जोडतो, मले माफ करा.”